घोंगडी आणि लोकरी ब्लँकेट : गोळे येणे व केस गळणे कसे आवरावे

नवी घोंगडी घरी आल्यापासून आठवड्याच्या आत तक्रार सुरू होते. पांढऱ्या सदऱ्यावर काळे केस दिसतात, अंथरूण झाडताना लोकरीचा भुसा निघतो आणि आपल्या गळ्यात हलका माल मारला की काय, अशी शंका येते. मऊ, गुळगुळीत लोकरी ब्लँकेट घेणाऱ्याची तक्रार थोडी उशिरा, महिन्या-दोन महिन्यांनी येते. पायांकडच्या बाजूला आणि हनुवटीखाली जिथे काठ येतो तिथे साबुदाण्याएवढे गोळे दिसू लागतात. दोन्ही तक्रारी खऱ्या असल्या तरी दोन्हींचा अर्थ माल खराब आहे असा होत नाही. लोकरीच्या स्वभावातच या गोष्टी काही प्रमाणात आहेत. ते प्रमाण वाढते ते मुख्यतः आपल्या हातून होणाऱ्या रगडण्यामुळे, ओढण्यामुळे आणि नको तितक्या धुण्यामुळे. त्यामुळे पुढील सूचनांमध्ये काय करावे याच्या बरोबरीने काय करू नये हेही पुष्कळ आले आहे.

आधी आपल्या हातात काय आहे ते ओळखावे

महाराष्ट्रातील घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते. ही मेंढी सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर या भागांतील कोरड्या माळरानावर वाढते आणि तिची लोकर जाड, ताठ व केसाळ असते. धनगरांनी कातरलेली लोकर पिंजून, हाताने कातून सणगर व धनगर विणकर ती खड्ड्याच्या मागावर विणतात. विणण्याआधी उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ दिली जाते. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक लागते ती बऱ्याच अंशी या खळीमुळे. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात आणि जावळाची घोंगडी साध्या घोंगडीपेक्षा स्पष्टपणे मऊ असते, म्हणून ती महागही असते.

दुसरा प्रकार मेरिनो मेंढीच्या लोकरीसारख्या बारीक लोकरीच्या ब्लँकेटचा. मेरिनोचा तंतू साधारणपणे १८ ते २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, तर दख्खनी लोकरीचा तंतू सरासरीने ३० मायक्रॉनच्या पुढे जातो. तिसरा प्रकार बाजारात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या मिलच्या ब्लँकेटचा. हरियाणातील पानिपत येथे जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढले जाते. या सुताला शॉडी म्हणतात आणि त्यातील तंतू आधीच तुटून आखूड झालेले असल्यामुळे अशा ब्लँकेटमधून भुसाही जास्त पडतो व गोळेही जास्त येतात. त्याची कितीही काळजी घेतली तरी ते घोंगडीइतकी वर्षे काढणार नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

लोकर शुद्ध आहे की अॅक्रिलिकची भेसळ आहे, हे पाहण्यासाठी टोकाच्या दशांमधील एक धागा कापून चिमट्यात धरावा व मेणबत्तीवर जाळावा. शुद्ध लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की ती विझू लागते आणि उरलेला काळा मणी बोटांत चुरडला जातो. अॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा उरलेला मणी कडक राहतो. ही परीक्षा नळाजवळ किंवा पाण्याची बादली शेजारी ठेवून, उघड्या जागी करावी. धाग्यांची आडवी-उभी सरमिसळ असू शकते, म्हणून शक्य असल्यास एक उभा आणि एक आडवा असे दोन्ही धागे जाळून पाहावेत.

गोळे का येतात आणि केस का गळतात

सुतामध्ये लांब तंतूंच्या जोडीला आखूड तंतूही असतात आणि ते केवळ पिळाच्या जोरावर धरून ठेवलेले असतात. घर्षण झाले की आखूड तंतूंची टोके वर येतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचा गोळा होतो. हा गोळा काही लांब तंतूंच्या आधाराने कापडाला लटकून राहतो. शुद्ध लोकरीचे तंतू तुलनेने कमी बळकट असल्यामुळे हे आधार कालांतराने तुटतात आणि गोळे आपोआप गळून पडतात. अॅक्रिलिक व पॉलिएस्टरचे तंतू बळकट असल्यामुळे मिश्र ब्लँकेटवरील गोळे वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत. ‘शुद्ध लोकरीला गोळे येत नाहीत’ असे विक्रेते सांगतात ते म्हणूनच अर्धेच खरे आहे. शुद्ध लोकरीलाही गोळे येतात, फक्त ते टिकत नाहीत.

घोंगडीचे गणित उलटे असते. दख्खनी लोकरीतील बरेच तंतू ताठ आणि मध्ये पोकळ गाभा असलेले असतात. ताठ तंतू सहजासहजी गुंतत नाहीत, त्यामुळे घोंगडीला गोळे कमी येतात. पण हेच ताठ तंतू सुतात नीट बसून राहत नाहीत, बाहेर निसटतात किंवा वाकले की मोडतात, आणि आपण त्याला केस गळणे म्हणतो. हाताने कातलेल्या सुताचा पीळ काही ठिकाणी सैल असतो, तिथून गळती अधिक होते. थोडक्यात, मऊ ब्लँकेट गोळे धरते आणि खरखरीत घोंगडी केस गाळते. दोन्ही हवे तसे मिळावे, म्हणजे मऊही असावे आणि काहीच होऊ नये, अशी अपेक्षा ठेवून खरेदी करणाऱ्याने सुती सोलापुरी चादर घ्यावी.

पहिला महिना

सुताच्या पृष्ठभागावर सुटे राहिलेले तंतू एकदा निघून गेले की पुढची गळती बरीच कमी होते. म्हणून पहिल्या महिन्यात हे सुटे तंतू आपणहून, सावकाश काढून टाकणे हेच मुख्य काम असते.

घोंगडी घरी आणल्यावर ती धुऊ नये. प्रथम ती पूर्ण उलगडून दोन-तीन दिवस सावलीत, वारा खेळत असेल अशा ठिकाणी पसरून ठेवावी. मेंढीचा वास लोकरीतील नैसर्गिक मेणाचा असतो आणि तो हवेने कमी होतो. धुऊन तो घालवण्याच्या नादात हे मेण निघून जाते, जे लोकरीला पाणी व मळ यांपासून राखते. त्यानंतर घरातील दोन माणसांनी चार कोपरे धरून घोंगडी गच्चीवर किंवा अंगणात झटकावी. झटका हलका व लांब असावा. दोरीवर टाकून काठीने बडवण्याची पद्धत गालिच्याला ठीक आहे, पण घोंगडीला नाही, कारण काठीच्या माराने ताठ तंतू मोडतात आणि गळती कमी होण्याऐवजी वाढते.

झटकून झाल्यावर घोंगडी सपाट पलंगावर किंवा चटईवर अंथरावी आणि कपडे साफ करण्याच्या मऊ ब्रशने एका दिशेने, लांबीला धरून, हलक्या हाताने ब्रश फिरवावा. एकच दिशा महत्त्वाची आहे. पुढे-मागे घासले की निघणारे तंतू एकमेकांत गुंततात आणि घोंगडीवरही गोळे दिसू लागतात. प्लास्टिकचे ताठ दाते असलेला, फरशी घासण्याचा ब्रश मुळीच वापरू नये. घरात व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याच्या तोंडावर जुन्या मलमलीचा किंवा पातळ ओढणीचा तुकडा रबर लावून बांधावा आणि कमी ओढीवर तो फिरवावा. कापड बांधल्यामुळे सुटलेला तंतू ओढला जातो, पण सुतात बसलेला तंतू उपटला जात नाही. हे झटकणे व ब्रश करणे पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा करावे. चौथ्या वेळी निघालेला भुसा पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळ कमी असल्याचे हाताला जाणवते. तसे जाणवले नाही आणि पहिल्याइतकाच भुसा निघत राहिला, तर सुताचाच पीळ सैल आहे असे समजावे.

चिकटपट्टीचे रोलर कपड्यावर पडलेले केस उचलण्यासाठी आहेत. ते घोंगडीवरच फिरवणाऱ्यांना माझा विरोध आहे. चिकटपट्टी सुटा तंतू व बसलेला तंतू यांत फरक करत नाही, दोन्ही उपटते.

रोजचा वापर

घोंगडी किंवा लोकरी ब्लँकेट थेट अंगावर न घेता आधी सुती चादर घ्यावी व त्यावर ते घ्यावे. यामुळे घोंगडी टोचत नाही, केस अंगाला लागत नाहीत आणि घाम व तेल लोकरीपर्यंत न पोचल्यामुळे धुण्याची वेळ फार क्वचित येते. काठ तोंडाकडे येतो तिथे वीतभर रुंदीची सुती पट्टी टाचून घेतली तर आणखी चांगले. हनुवटीचे, दाढीच्या खुंटांचे घर्षण हे मऊ ब्लँकेटवरील गोळ्यांचे एक मोठे कारण आहे आणि अशी पट्टी काढून धुताही येते.

बैठकीसाठी, पारायणासाठी किंवा ध्यानासाठी घोंगडी अंथरायची असेल तर तीच घोंगडी पांघरण्यासाठी वापरू नये. बसण्या-उठण्याने होणारे घर्षण पांघरण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. शक्य असल्यास बैठकीची घोंगडी दर वेळी फिरवून टाकावी, म्हणजे एकाच जागेवर झीज होणार नाही. प्रवासी बॅगेचे वेल्क्रो, चैन, बांगड्या आणि मांजराची नखे यांपासून मऊ ब्लँकेट लांब ठेवावे. मांजराला ही सूचना पाळायला लावणे अवघड आहे याची कल्पना आहे.

आलेले गोळे काढणे

गोळा बोटांनी उपटणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. गोळा ज्या लांब तंतूंनी धरलेला असतो ते तंतू उपटताना सुतातून आणखी बाहेर ओढले जातात आणि आठवडाभरात तिथेच नवा, आधीपेक्षा मोठा गोळा तयार होतो. गोळा कापायचा असतो, ओढायचा नसतो.

ब्लँकेट टेबलावर किंवा इतर कडक व सपाट पृष्ठभागावर ताण न देता पसरावे. गोळे थोडे असतील तर लहान, बोथट टोकाच्या कात्रीने कापडाला समांतर धरून एकेक कापावेत. पुष्कळ असतील तर विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे, लिंट रिमूव्हर या नावाने मिळणारे यंत्र वापरावे. ते दाबून न धरता कापडावरून तरंगत न्यावे, कारण दाबले की जाळीतून सुताचा फुगीर भाग आत जातो आणि भोक पडते. दशा व शिवणीच्या जवळ यंत्र नेऊ नये. घोंगडीवर तर ते वापरूच नये, कारण तिच्या खरखरीत पृष्ठभागावर गोळे व सूत यांत यंत्राला फरक कळत नाही. दाढीचे ब्लेड आणि टाच घासायची वजरी हे उपाय लोक एकमेकांना सांगतात. ब्लेडने सूत कापले जाते आणि वजरीने गोळे निघतात, पण त्याबरोबर नवे तंतूही वर येतात.

गोळे वर्षातून दोनदा, थंडीच्या आधी व थंडीनंतर काढावेत. दर आठवड्याला यंत्र फिरवले तर दर वेळी थोडी लोकर जाते आणि ब्लँकेट पातळ होत जाते.

धुणे

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात. उष्णता, पाणी व हालचाल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की खवले एकमेकांत अडकतात, तंतू एका दिशेने सरकतात पण मागे येऊ शकत नाहीत, आणि कापड आटून नमद्यासारखे, म्हणजे न विणता दाबून केलेल्या लोकरी जाजमासारखे, घट्ट होते. कोल्हापूरकडे बैठकीसाठी ‘जेन’ नावाचे असेच दाट लोकरी जाजम करतात ते याच गुणाचा मुद्दाम उपयोग करून. घरी मात्र हे नकळत घडते. मी स्वतः दिवाळीच्या आवराआवरीत एक मऊ लोकरी ब्लँकेट चादरींबरोबर मशीनमध्ये ६० अंशांवर टाकले होते. बाहेर निघाले ते जाड, दाट आणि पाळण्यातल्या बाळाला पुरेल एवढे. पुढे ते बसायचे आसन म्हणून चांगले टिकले, पण ब्लँकेट म्हणून त्याचा शेवट तिथेच झाला.

म्हणून पहिला नियम असा की लोकर शक्यतो धुऊ नये. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेऊ शकते व तो हवेत परत सोडते, त्यामुळे उलगडून वाऱ्यावर टाकली की ती बऱ्यापैकी ताजी होते. सुती चादरीबरोबर वापरली तर घोंगडी वर्षातून एकदा धुणे पुरते. काही घरांत तर ती दोन-तीन वर्षे धूत नाहीत आणि त्यात काही बिघडत नाही.

धुवायचीच झाली तर कोरडे ऊन व वारा असलेला दिवस निवडावा. फेब्रुवारी-मार्च यासाठी उत्तम. आधी झटकून व ब्रश करून कोरडी धूळ काढावी. मोठ्या टबात पाणी घ्यावे आणि ते हाताला ना गार ना कोमट, म्हणजे ३० अंशांच्या आत असावे. त्यात लोकरीसाठी असलेला द्रव साबण, उदाहरणार्थ ईझी, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावा. रिठे वापरायचे असतील तर रात्रभर भिजवून, उकळून, पाणी पूर्ण गार करून गाळून घ्यावे. रिठ्याचा रंग पांढऱ्या लोकरीवर किंचित पिवळट झाक सोडतो, हे लक्षात ठेवावे. कपड्यांची रोजची पावडर व धुण्याचा सोडा हे अल्कलीयुक्त असल्यामुळे लोकरीतील प्रथिनाला इजा करतात. काही पावडरींमध्ये प्रथिने विरघळवणारी एन्झाइमे असतात आणि लोकर हे प्रथिनच आहे. क्लोरीनचे ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवते.

घोंगडी पाण्यात पूर्ण बुडवून हातांनी दाबावी व सोडावी, दाबावी व सोडावी. चोळू नये, पिळू नये, दगडावर आपटू नये. पाण्यात ती १० ते १५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. आपल्या भाषेत न सुटणाऱ्या कामाला भिजत घोंगडे म्हणतात. धुण्याच्या बाबतीत हे घोंगडे खरोखर भिजत ठेवायचे नसते, कारण ओली लोकर कोरड्या लोकरीपेक्षा कमजोर असते आणि जितका वेळ ती पाण्यात राहील तितके तिचे तंतू सैल होत जातात. नव्या घोंगडीतून पहिल्या धुण्यात चिंचोक्याची खळ बाहेर पडते व पाणी गढूळ, चिकट होते. त्याने घाबरून जाऊ नये. खळ गेली की घोंगडी मऊ होते. रंगीत काठ असतील तर आधी पांढऱ्या ओल्या फडक्याने काठ टिपून रंग सुटतो का ते पाहावे. काळ्या मेंढीच्या लोकरीचा नैसर्गिक काळा रंग सुटत नाही.

साबणाचे पाणी ओतून त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्यात दोन-तीन वेळा खळबळावी. शेवटच्या पाण्यात बादलीला दोन चमचे पांढरे व्हिनेगर घातल्यास राहिलेला साबण निघतो व लोकर मऊ राहते. पाणी बदलताना घोंगडी एका टोकाने उचलू नये. कोरडी असताना दोन-अडीच किलो भरणारी घोंगडी भिजल्यावर इतकी जड होते की स्वतःच्या भाराने ताणली जाते. दोन्ही हात खाली घालून ती पिशवीसारखी उचलावी. मऊ ब्लँकेटला मशीनमध्ये लोकरीचे स्वतंत्र चक्र असेल तर जाळीच्या पिशवीत घालून तेच वापरावे. घोंगडी मात्र मशीनमध्ये घालूच नये, कारण तिचा भार आणि तिच्यातून निघणारे केस दोन्ही यंत्राला त्रासदायक ठरतात.

वाळवणे

टबातून काढल्यावर घोंगडी टबाच्या कडेवर १५-२० मिनिटे निथळू द्यावी. मग जुन्या पंच्यांवर किंवा सुती चादरींवर पसरून गुंडाळी करावी आणि गुंडाळीवर हातांनी, हवे तर अनवाणी पायांनी, दाब द्यावा. अशा दोन-तीन चादरी बदलल्या की बरेचसे पाणी निघते. त्यानंतर ती दोरीवर टाकू नये. दोरीने मध्ये घडी पडते, टोके लोंबतात आणि लांबी वाढून रुंदी आटते. सर्वांत सोयीची जागा म्हणजे बाज, कारण विणीतून खालूनही वारा लागतो. बाज नसेल तर दोन-तीन प्लास्टिकच्या खुर्च्या किंवा कपडे वाळवण्याचा आडवा स्टँड वापरून भार अनेक ठिकाणी वाटून द्यावा. कडा हाताने सरळ करून मूळ आकारात आणाव्यात. ऊन टाळून सावलीत वाळवावे आणि दिवसातून दोनदा उलटावे. बाहेरून कोरडी वाटली तरी शिवणीत व काठात ओल राहते, म्हणून आणखी एक दिवस जास्त द्यावा. परदेशात राहणाऱ्यांच्या घरी कपडे वाळवण्याचे गरम हवेचे यंत्र असते. त्यात उष्णता व गडगडणे दोन्ही असल्यामुळे लोकरीच्या दृष्टीने त्याहून वाईट जागा नाही.

डाग पडला तर लगेच कोरड्या फडक्याने टिपावे, घासू नये. चहा किंवा दूध असेल तर गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुन्हा टिपावे. दुधाच्या डागावर गरम पाणी वापरू नये, तो पक्का होतो.

कसर आणि पावसाळा

उन्हाळ्यात बंद केलेले ब्लँकेट थंडीत उघडले की केस अचानक भरपूर गळतात आणि कधी बारीक भोके दिसतात, तेव्हा ती गळती घर्षणाची नसून कसरीची असते. उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते. अळीला अंधार, शांतता आणि घामाचा किंवा अन्नाचा मळ लागलेली लोकर आवडते. म्हणून ठेवण्याआधी ब्लँकेट स्वच्छ व पूर्ण कोरडे असणे कोणत्याही गोळीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. नव्या घोंगडीतील खळीवर दमट हवेत बुरशीही येते, त्यामुळे कोकणात व मुंबईत पावसाळ्याआधी ती दोन दिवस वाळवूनच ठेवावी.

ठेवताना प्लास्टिकमध्ये न बांधता जुन्या सुती लुगड्यात किंवा धोतरात गुंडाळावे. डांबराच्या गोळ्या वापरायच्या तर कापडी पुरचुंडीत बांधून बंद ट्रंकेत ठेवाव्यात. त्यांचा परिणाम वाफेने होतो, त्यामुळे उघड्या फडताळात टाकलेल्या दोन गोळ्या वासाशिवाय काही देत नाहीत. अशा ट्रंकेतून काढलेले ब्लँकेट दोन-तीन दिवस हवेवर ठेवल्याशिवाय वापरू नये आणि तान्ह्या बाळासाठी ते मुळीच वापरू नये, कारण या वाफा बाळाला धोकादायक ठरू शकतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला व लवंगा फार तर पतंगाला दूर ठेवतात, आत शिरलेल्या अळीला मारत नाहीत. अळी लागलीच असेल तर ब्लँकेट शिवणीसह ब्रश करून उन्हात तास-दोन तास पसरावे आणि ते मावत असेल तर पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान तीन-चार दिवस, शक्य तर दोन आठवडे ठेवावे. दर महिन्याला ट्रंक उघडून घडी बदलावी. एकाच घडीवर वर्षभर राहिलेली लोकर त्या रेषेवर मोडते आणि पुढची गळती तिथूनच सुरू होते.

दशा सुटू लागल्या तर वाट पाहू नये. चार-चार धागे एकत्र घेऊन काठाला चिकटून गाठ मारावी, कारण एक आडवा धागा निसटला की शेजारचे सैल होतात. मधोमध शिवण असलेल्या घोंगडीत ही शिवण बहुधा सर्वांत आधी जाते. ती सुती दोऱ्याने न शिवता लोकरीच्याच धाग्याने, बोथट दाभणाने आणि सैल टाक्यांनी शिवावी. सुती दोरा आवळला की तो लोकरीला कापतो. दुरुस्तीसाठी लागणारा धागा घोंगडी घेतानाच विणकराकडे हातभर मागून ठेवावा. बहुतेक जण पैसे न घेता देतात.